गाड्यांचे निरोप आणि मधली मोकळी जागा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत एकमेकींशी बोलणाऱ्या गाड्यांवर लेख आला होता. विषय चांगला, भाषाही सोपी. पण त्यातलं एक वाक्य आणि एक चित्र मला तीन दिवस स्वस्थ बसू देत नाहीये. वाक्य असं, की पुढे अपघात झाला तर ती खबर एका गाडीकडून दुसरीकडे जात पाच किलोमीटर मागच्या चालकाला क्षणात मिळेल, मध्ये टॉवर नको की इंटरनेट नको. आणि चित्रात एका रांगेत सात गाड्या, सगळ्यांत सारखं अंतर, प्रत्येकीच्या टपावरून मागच्या टपावर जाणारा सुबक बाण. मी २६ वर्षं संगणक-जाळी हा विषय शिकवला, आता निवृत्त आहे. हेच चित्र मी स्वतः फळ्यावर इतक्यांदा काढलं आहे, की चुकीतला थोडा वाटा माझ्याही पदरात पडतो. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, फक्त आकड्यांना लावू नका.

आधी त्या पाच किलोमीटरचा हिशेब. समजा, रस्त्यावर दर किलोमीटरला सरासरी दहा गाड्या आहेत आणि एका गाडीचा रेडिओ ३०० मीटरपर्यंत ऐकू जातो. दोन गाड्यांत सरासरी १०० मीटर आणि पोच त्याच्या तिप्पट. साखळी तुटेलच कशाला, असं वाटतं. पण गाड्या अंतर मोजून चालत नाहीत. चार घोळक्यानं जातात, मग बराच वेळ कोणीच नाही. अशी विस्कळीत वाहतूक धरली, तर लगतच्या दोन गाड्यांमध्ये ३०० मीटरहून मोठी फट पडण्याची शक्यता साधारण ५ टक्के येते. पाचच टक्के! मात्र पाच किलोमीटरमध्ये अशा पन्नास जागा आहेत आणि पन्नासच्या पन्नास ठिकाणी फट लहान निघायला हवी. ०.९५ चा पन्नासावा घात काढा: ०.०८ च्या आसपास. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून जास्त वेळा ती खबर वाटेतच कुठेतरी बसून राहणार.

समोरून येणाऱ्या गाड्याही धरल्या, म्हणजे किलोमीटरला वीस झाल्या, तर हाच आकडा ७८ टक्क्यांवर उडी मारतो. गाड्या दुप्पट, यश दहापट. मला या विषयात सगळ्यांत जास्त आवडलेली गोष्ट कोणती विचाराल, तर ही उडी. विरळ आणि दाट यांच्यामध्ये एक उंबरठा आहे. त्याच्या अलीकडे काहीच चालत नाही आणि पलीकडे एकाएकी सगळं जुळतं. रात्री, किलोमीटरला तीन गाड्या असताना, आपण उंबरठ्याच्या फार अलीकडे असतो. आणि रात्रीच खबर हवी असते!

हा झाला ३०० मीटरच्या आत प्रत्येक निरोप हटकून पोहोचतो असं मानून केलेला हिशेब. तसं होत नाही. एका उडीत, म्हणजे एका गाडीकडून थेट दुसरीकडे, निरोप पोहोचण्याची खात्री ९० टक्के धरली आणि पाच किलोमीटरला कमीत कमी १७ उड्या लागल्या, तर १७ उड्यांनंतर उरते जेमतेम १७ टक्के. हरवलेला निरोप पुन्हा पाठवता येतो हे खरं, पण तो हरवला हे आधी कळायला हवं. सगळ्यांना उद्देशून केलेल्या रेडिओ-पुकाऱ्याला पोचपावती नसते. बोलणाऱ्यानं बोलायचं आणि कोणीतरी ऐकलं असेल असं समजायचं.

आता राउटिंगकडे वळते, कारण लेखात सगळ्या कामाचं श्रेय ‘राउटिंग प्रोटोकॉल’ला, म्हणजे निरोप कोणत्या वाटेनं न्यायचा हे ठरवणाऱ्या नियमांना, दिलं आहे. ऐनवेळी जुळणाऱ्या बिनतारी जाळ्यांसाठी, म्हणजे अ‍ॅड-हॉक नेटवर्कसाठी, जे प्रोटोकॉल १९९० च्या दशकात तयार झाले, त्यांची नावं माझ्या विद्यार्थ्यांना झोपेतही पाठ असत. १९९४ चा पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांचा डीएसडीव्ही. जॉन्सन आणि मॉल्ट्झ यांचा डीएसआर. मग १९९९ चा पर्किन्स-रॉयर यांचा एओडीव्ही, जो जुलै २००३ मध्ये आरएफसी ३५६१ म्हणून, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत, प्रसिद्ध झाला. एओडीव्हीची रीत सरळ आहे. ज्याला निरोप धाडायचा आहे तो आधी आरोळी देतो, अमक्याकडे जायची वाट कोणाला ठाऊक आहे का. आरोळी पसरत पसरत अमक्यापर्यंत पोहोचते, तो उत्तर देतो, आणि उत्तर ज्या वाटेनं परत येतं ती वाट मधल्या प्रत्येकानं आपल्या तक्त्यात टिपून ठेवायची. मग त्या वाटेनं निरोप सोडायचा. वाट तुटली की बोंब मारायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

लॅपटॉप घेऊन मैदानात हिंडणाऱ्या माणसांसाठी हे ठीक होतं. गाड्यांचं बघा. समोरासमोरून १०० च्या वेगानं येणाऱ्या दोन गाड्या एकमेकींच्या सापेक्ष २०० च्या वेगानं जातात, म्हणजे सेकंदाला ५५ मीटर. ३०० मीटर अलीकडे भेटल्या, ३०० मीटर पलीकडे हरवल्या. एकूण ओळख ११ सेकंदांची. एकाच दिशेनं जाणाऱ्या आणि वेगात १० चाच फरक असलेल्या गाड्यांची ओळख मात्र साडेतीन मिनिटं टिकते. वाटेत अकरा सेकंदांचा एक दुवा असला तरी अख्खी वाट अकरा सेकंदांची, आणि दहा-बारा दुव्यांच्या वाटेत एक ना एक दुवा सुरुवातीलाच शेवटच्या घटका मोजत असतो. वाट शोधून, तक्ते भरून, उत्तर परत येईस्तोवर ती वाट शिल्लकच नसते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

इथे एक कबुली देते. माझ्या हाताखाली कितीतरी प्रकल्प असे झाले, ज्यांत विद्यार्थ्यांनी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आभासी मैदानात, गाड्या म्हणून पन्नास ठिपके सोडले, ते एका चौकोनात मनाला येईल त्या दिशेनं फिरवले, आणि एओडीव्ही चांगला की डीएसआर याचे आलेख काढले. ठिपके भिंतीतून जात, वळणावर न थांबता वळत, मागच्या ठिपक्याला ठोकर न देता आरपार निघून जात. आम्ही त्याला ‘वाहनांचं जाळं’ म्हणायचो. २००३ मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की त्या बेबंद फिरण्याच्या पद्धतीत ठिपक्यांचा सरासरी वेग हळूहळू घसरतच जातो आणि आलेख आपोआप बरे दिसू लागतात. तो निबंध मी वाचला, बाजूला ठेवला, आणि पुढची दोन वर्षं तेच प्रकल्प मंजूर केले. मुदती असतात, परीक्षक असतात. पण कारणं देत नाही. पुढे जर्मनीच्या अवकाश संस्थेचा ‘सुमो’ हा वाहतूक-सिम्युलेटर आम्ही घेतला. त्यात गाड्या निदान लेन पाळतात आणि सिग्नलला थांबतात.

वाट बांधण्याऐवजी नुसती दिशा धरण्याची कल्पना जास्त शहाणी. ब्रॅड कार्प आणि एच. टी. कुंग यांनी २००० मध्ये जीपीएसआर हा असा प्रोटोकॉल मांडला. प्रत्येक गाडीला उपग्रहांवरून आपली जागा ठाऊक असते, शेजारच्या गाड्या आपापली जागा सांगत राहतात. निरोप हातात आला की मुक्कामाला जी शेजारीण सगळ्यांत जवळ आहे तिच्या हाती द्यायचा, पुढचं तिनं बघावं. तक्ता नाही, वाट नाही. आणि मुक्कामाला आपल्याहून जवळची शेजारीणच नसेल तर? तर भुलभुलैयात उजवा हात भिंतीला लावून चालावं, तसा निरोप त्या पोकळीच्या कडेकडेनं फिरवायचा. मोकळ्या मैदानावर हे झकास चालतं. उंच इमारतींच्या गल्ल्यांत फसतं. नकाशावर जवळ दिसणारी गाडी इमारतीच्या पलीकडच्या रस्त्यावर असते आणि तिला काही ऐकूच येत नाही. म्हणून नंतरच्या पद्धतींनी निरोप आधी चौकातल्या गाडीपर्यंत आणायचा आणि वळण तिथे ठरवायचं, असा शिरस्ता घातला.

आणखी एक गोष्ट लेखात सुटली. अपघाताच्या खबरीला ‘पत्ता’ कुठला? अमुक क्रमांकाच्या गाडीला सांगायचंच नसतं. सांगायचं असतं या रस्त्यावर, या दिशेनं येणाऱ्या, मागच्या दोन किलोमीटरमधल्या जो कोणी असेल त्याला. पत्ता जागेचा आहे. युरोपच्या मानकांत यासाठी ‘जिओनेटवर्किंग’ नावाचा वेगळा थरच ठेवला आहे. हे एकदा मान्य केलं, की कोणती वाट, हा प्रश्न मागे पडतो आणि पुढे येतो तो असा: ऐकणाऱ्या पंचवीस गाड्यांपैकी पुढे कोणी बोलायचं? आणि उरलेल्या चोविसांनी गप्प कसं बसायचं?

गप्प बसण्याचं महत्त्व मी पुस्तकातून नाही शिकले. २००९ साली वापरात नसलेल्या एका धावपट्टीवर आम्ही पाच गाड्या घेऊन गेलो. प्रत्येकीत एक लॅपटॉप, टपावर अँटेना, साधंच २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय. कार्यक्रम मुलांनी लिहिला होता: निरोप ऐकला की पुन्हा प्रसारित कर. बस, एवढंच. पहिल्या गाडीतून खोटी खबर सोडली, ‘पुढे अडथळा’. दोन सेकंदांत पाचव्या गाडीतला मुलगा ओरडला, आली! टाळ्या झाल्या. मग त्याच्या पडद्यावरचा आकडा थांबेना. चाळीस, चारशे, तीन हजार. पहिलीनं सांगितलं ते दुसरीनं सांगितलं, दुसरीचं पहिलीनं पुन्हा ऐकलं आणि पुन्हा सांगितलं, आणि पाचही जणी एकच बातमी एकमेकींना अखंड सांगत बसल्या. हा निरोप आपण आधी ऐकला आहे का, हे तपासायलाच कोणी सांगितलं नव्हतं! प्रत्येक निरोपावर पाठवणाराचं नाव आणि अनुक्रमांक हवा, ऐकलेला क्रमांक पुन्हा बोलायचा नाही. डीएसडीव्हीपासून सगळ्यांनी अनुक्रमांकांचा एवढा आग्रह का धरला होता, ते वर्गात दहा तासांत शिरलं नव्हतं. धावपट्टीवर दोन मिनिटांत शिरलं.

अनुक्रमांक घातला तरी सगळं भागत नाही. तैवानच्या संशोधकांनी १९९९ मध्ये या गोंगाटाला ‘ब्रॉडकास्ट स्टॉर्म’ असं नाव दिलं. पंचवीस गाड्यांनी एकदाच ऐकलं आणि पंचवीस जणींनी एकदाच बोलायला तोंड उघडलं, तर कोणाचंच ऐकू येत नाही. यावरचा तोडगा मला अजून देखणा वाटतो. निरोप ऐकला की लगेच बोलायचं नाही. बोलणाऱ्यापासून आपण जितके दूर, तितकं कमी थांबायचं. सगळ्यांत लांबची गाडी सगळ्यांत आधी बोलते. बाकीच्या तिचा आवाज ऐकतात आणि आपलं बोलणं मनातल्या मनात रद्द करतात. कोणी कोणाला नेमलं नाही, यादी नाही, मतदान नाही. निरोप आपोआप लांबच लांब उड्या घेत जातो. थांबायचा वेळ १ ते १०० मिलिसेकंदांच्या दरम्यान. युरोपच्या त्या थरात ही पद्धतही बसवलेली आहे. एखादीला लांबच्या गाडीचं बोलणं ऐकू गेलं नाही तर ती बोलते आणि थोडी पुनरुक्ती होते, तेवढी पत्करायची.

त्याच दिवशी दुपारी धावपट्टीवर एक टँकर आला. आमचा काही संबंध नव्हता, गवताला पाणी घालायला आला होता. तो तिसऱ्या आणि चौथ्या गाडीच्या मध्ये चालू लागला आणि आमची साखळी तुटली. अंतर १२० मीटर, तोवर २०० मीटरवरही चालत होतं. आता गाड्यांसाठी रेडिओ-लहरींची जी ५.९ गिगाहर्ट्झची पट्टी आहे तिची तरंगलांबी सुमारे ५ सेंटीमीटर. लांबट लहरींच्या मानानं ती वळसा घ्यायला आणखी कमी राजी असते. म्हणजे ‘३०० मीटर पोच’ हा आकडा गाडीचा गुणधर्म नव्हे, त्या क्षणी मध्ये काय आहे याचा आहे. आम्ही त्या टँकरवाल्याला थांबवून तीन फेऱ्या जास्त मारायला लावल्या. त्याला अखेरपर्यंत कळलं नाही आम्ही एवढे खूश का होतो.

विरळ रस्त्याचं काय करायचं, हे सांगायचं राहिलं. उत्तर साधं आहे: थांबायचं आणि घेऊन जायचं. पुढे कोणी नसेल तर निरोप टाकून द्यायचा नाही, जवळ बाळगायचा आणि कोणी भेटलं की द्यायचा. हरकाऱ्याची हीच रीत. अपघाताच्या खबरीला समोरच्या लेनमधली गाडी उत्तम हरकारा ठरते, कारण ती आपणहून मागच्या वाहनांकडेच निघालेली असते. अपघाताजवळून ८० नं निघालेली गाडी आणि एक किलोमीटरवरून ८० नंच येणारी गाडी १६ सेकंदांत ३०० मीटरच्या आत येतात, आणि ऐकणाऱ्याकडे अजून साडेसहाशे मीटर रस्ता उरलेला असतो. क्षणात नव्हे, पण वेळेत. वाहनानं निरोप वाहून नेण्याची ही कल्पना खेड्यांच्या टपालासाठीही वापरली गेली. ‘डाकनेट’ या प्रयोगात बसवरचा वाय-फाय संच गावोगावच्या ठाण्यांवरून माहिती उचलायचा आणि शहरात आल्यावर इंटरनेटवर सोडायचा. इंटरनेटच्या जन्मकथेतही एक गाडी आहेच. २२ नोव्हेंबर १९७७ ला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या महामार्गावर धावणाऱ्या एका व्हॅनमधून तीन निरनिराळ्या जाळ्यांतून, युरोपला वळसा घालून, लॉस एंजलिसपर्यंत पॅकेट पोहोचवली गेली. फक्त तिथे फिरती गाडी एकच होती; तिचं ऐकणारे रेडिओ टेकड्यांवर पक्के बसवलेले होते.

विरळ रस्त्याची ही कथा. आता तुंबलेला रस्ता घ्या. या गाड्या सुरक्षेसाठी आपली जागा, वेग आणि दिशा सेकंदाला दहादा सांगत असतात. सहा पदरी रस्त्यावर कोंडी झाली, दर आठ मीटरला एक गाडी, तर एका गाडीला आजूबाजूच्या ६०० मीटरमधल्या ४५० गाड्या ऐकू येतात. प्रत्येकीचा निरोप सहीशिक्क्यासकट ३०० बाइटचा धरा. ४५० गुणिले १० गुणिले २४०० बिट, म्हणजे सेकंदाला १०.८ मेगाबिट. रेडिओ-वाहिनीची नेहमीची क्षमता ६ मेगाबिट. मावतच नाही! म्हणून कोंडीत गाड्यांनी कमी वेळा आणि हळू आवाजात बोलायचं, असे नियम मानकांत घालावे लागले. त्यात आणखी पाच किलोमीटर मागच्यांसाठी पुढे ढकललेले निरोप कोंबायचे म्हणजे शेजारच्या गाडीच्या जिवाशी खेळ आहे.

तेव्हा माझं मत असं, आणि ते अनेक जुन्या सहकाऱ्यांना पटत नाही. ब्रेक लावण्यासाठी एक उडी पुरते: ८० च्या वेगानं ३०० मीटर कापायला साडेतेरा सेकंद लागतात. पाच किलोमीटरवरच्या चालकाला ब्रेक लावायचा नसतो, रस्ता बदलायचा असतो, त्याला मोबाईलच्या टॉवरवरून खबर दोन सेकंद उशिरा मिळाली तरी बिघडत नाही. बहु-उडी राउटिंगची खरी जागा मधली आहे: वळणापलीकडची दुसरी-तिसरी गाडी, बोगदा, टॉवर कोसळलेला पूरग्रस्त भाग. आम्ही वीस वर्षं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाट शोधण्याचे निबंध लिहिले आणि बाजारात जे आलं ते बहुतांशी एका उडीचं. जपानमध्ये टोयोटानं २०१५ मध्ये ७६० मेगाहर्ट्झवर सुरू केलेली गाड्यांच्या संवादाची सोय बघा, नाहीतर फोक्सवॅगनची २०१९ ची आठव्या पिढीची गोल्फ गाडी. आणि अमेरिकेत १९९९ मध्ये गाड्यांसाठी राखलेल्या ७५ मेगाहर्ट्झमधले ४५ मेगाहर्ट्झ २०२० मध्ये वाय-फायकडे गेले, कारण इतक्या वर्षांत ती पट्टी जवळपास रिकामीच राहिली.

लेखात खोट्या खबरीचा उल्लेख नव्हता. एखाद्यानं मोकळ्या रस्त्यावर ‘पुढे अपघात’ असं सांगितलं, तर मधल्या प्रत्येकीनं ते इमानानं पुढे सांगायचं का? म्हणून प्रत्येक निरोपावर डिजिटल सही असते, आणि सहीवरून कोणी आपला माग काढू नये म्हणून गाडी आपलं टोपणनाव अधूनमधून बदलते. नाव बदललं की शेजारणींच्या यादीत ती नवखी ठरते आणि जुन्या नावानं तिच्याकडे निघालेला निरोप बेवारस होतो. खासगीपणा आणि राउटिंग यांचं हे भांडण मिटलेलं नाही.

माझी विनंती एवढीच. पुढच्या अंकात ‘पाच किलोमीटर’ आणि ‘क्षणात’ हे शब्द दुरुस्त करावेत. आणि ते चित्र पुन्हा छापणार असाल, तर चित्रकाराला सांगा: तिसऱ्या आणि चौथ्या गाडीच्या मध्ये एक टँकर काढा, पाचवीनंतर बरीच मोकळी जागा ठेवा, आणि एक बाण समोरच्या लेनमधल्या गाडीवर बसवा.

आपली वाचक,
एक निवृत्त प्राध्यापिका